मनकर्णेचा घास

सगीरानं भुलीच्या सुईत औषध भरलं. पशुवैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला असलेली ही अजिंठ्याची मुलगी दोन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी चिकलठाण्यापलीकडच्या वन्यप्राणी उद्यानात आली होती. आज पहिल्यांदाच डॉक्टर मुख्तारांनी वजनावरून औषधाचा हिशेब करणं तिच्यावर सोपवलं होतं.

पिंजऱ्यात मनकर्णा होती. चौदा वर्षांची बिबट्याची मादी. सुळा किडून जबडा सुजला होता आणि पंधरा दिवस तिनं नीट खाल्लं नव्हतं. सुळा काढायचा तर भूल द्यायलाच हवी होती.

तिला सांभाळणारा कडूबा गज धरून उभा होता. कन्नड तालुक्याकडच्या उसात सापडलेलं हे पिल्लू त्यानंच बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं आणि लोकांची थट्टा सोसून त्याला आपल्या आईचं नाव दिलं होतं.

"डाक्टरीणबाई, वजन किती धरलं?" त्यानं विचारलं.

"चव्वेचाळीस किलो. रजिस्टरमध्ये आहे तेवढं."

"ते दोन सालामागलं हाये. आता लई वाळलीय हो ती."

"आजारी जनावर वाळलेलंच दिसतं, काका. काटा बंद पडलाय, मग रजिस्टरचंच धरायचं." सगीरा हसली. "कालपासून तिला काही खायला दिलं नाही ना? पोटात अन्न असलं की भुलीत उलटी होते आणि श्वास अडकतो."

"नाय दिलं," कडूबा म्हणाला.

डॉक्टरांनी तिच्या हिशेबावर नजर टाकली, ठीक आहे म्हणाले आणि फुंकनळीतून सुई मारली. मनकर्णा सात मिनिटांत झोपली. पंधराव्या मिनिटाला तिच्या तोंडाला फेस आला आणि श्वास थांबला. डॉक्टरांनी उतारा दिला, छाती दाबली. अर्ध्या तासानं ते घाम पुसत उठले आणि उद्यानाच्या साहेबांना कळवायला गेले.

सगीरा रडत तिथंच ओल्या फरशीवर बसली. मग तिनं अंगातला पांढरा कोट काढला आणि त्याची नीट घडी घातली.

"माझ्याच हातानं गेली ती," ती म्हणाली. "उद्या घरी जाते मी, काका. पुन्हा सुईला हात लावायचा नाही. अब्बा म्हणतच होते, शाळेत मास्तरीण हो."

कडूबा मनकर्णेचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. बराच वेळ तो तिच्या कानामागं खाजवत राहिला.

"तुमच्या हातानं नाय गेली, बाई," शेवटी तो म्हणाला. "सकाळी म्या तिला खिमा चारला. तिचं उपाशी तोंड बघवंना मला."

सगीराला इतका राग आला, की रडू आपोआप थांबलं.

"एवढं बजावून सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"व्हय. सांगितलं व्हतं."

त्याच दुपारी कडूबानं साहेबांसमोर तसा जबाब देऊन खाली अंगठा उठवला. सगीरानंही आपला जबाब लिहून दिला. 'कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे' हे शब्द तिनं मुद्दाम स्वच्छ अक्षरात लिहिले. डॉक्टर दिवसभर साहेबांपुढं उभे होते, म्हणून शवविच्छेदन बाहेरून आलेल्या दोघा डॉक्टरांनी केलं. संध्याकाळी मनकर्णेला उद्यानातच अग्नी दिला. कडूबाला तिथं उभं राहू दिलं नाही.

चौकशी दोन दिवसांत आटोपली. निवृत्तीला सहा महिने उरलेल्या कडूबाला पिंजऱ्यांपासून दूर करून अंगण झाडायला लावलं. ज्यानं वाढवली त्यानंच घास घालून मारली, असं बाकीचे राखणदार त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत. घरी बायको साळूबाईसुद्धा त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. तो मात्र कुणाला उलट उत्तर देत नसे.

सगीरा घरी गेली नाही. चूक आपली नव्हती हे कळल्यावर तिच्या जिवाला उभारी आली. तिनं काळविटाचा मोडलेला पाय बसवला, सांबराची जखम शिवली. डॉक्टर म्हणाले, असा हात फार थोड्यांना असतो. कडूबाशी ती एक शब्दही बोलली नाही.

शेवटच्या दिवशी तो कार्यालयासमोर झाडत होता. तिला बघून त्यानं खराटा बाजूला धरला.

"निघाल्या का, डाक्टरीणबाई?"

तिला पुढं जाता आलं असतं. पण सहा आठवडे गिळून ठेवलेलं तोंडावर आलंच.

"तुम्ही माझं ऐकलं असतं, तर ती आज जिवंत असती. मी तुम्हाला कधीच माफ करणार नाही."

"बरोबर हाये तुमचं," कडूबा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "पर शिक्षण सोडू नका."

ती आत गेली. महाविद्यालयाला द्यायच्या अहवालात तिला मनकर्णेची नोंद पुरी करायची होती. कारकून आशाबाईंनी फाईल पुढं सरकवली आणि आतलं बंद पाकीट काढून दिलं.

"शवविच्छेदनाचा कागद हाये. चौकशी संपल्यावर आला. जबाब झालेलेच व्हते, मग कुणी फोडलाच नाय."

सगीरानं पाकीट फोडलं, पेनाचं टोपण काढलं आणि कागदावरचा मजकूर ओळीनं उतरवू लागली. मादी. वय अंदाजे चौदा वर्षं. वजन एकोणतीस किलो. तिचा हात थांबला. तिनं पुढची ओळ वाचली.

'जठर व आतडी पूर्ण रिकामी. मृत्यूपूर्वी किमान वीस तास पोटात अन्न गेलेले नाही.'