तिसरी घंटी

"अकरा मिनिटं," तपासनीस म्हणाला. "फोन उचललात दहा वाजून दोन मिनिटांनी. ऑर्डर बाजारात गेली दहा-तेराला. मधली अकरा मिनिटं कुठे गेली?"

डीलरबाई टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. "बोलण्यात गेली, सर."

"रोज? एका शेअरसाठी?"

"रोज."

ब्रोकरच्या या कचेरीत तपासनिसाला सगळे मागून 'तागडी' म्हणत. त्याला ते ठाऊक होतं, मनातून आवडतही होतं. ग्राहकांची नावं झाकून नुसते क्रमांक दाखवायचे, म्हणजे कुणाला झुकतं माप नको, ही पद्धत त्याचीच. ग्राहक लहान असो की मोठा, तिसऱ्या घंटीच्या आत फोन उचलायचा, हा नियमही त्याचाच.

"तेवढ्यात भाव चढतो. ग्राहकाला थांबवून तुम्ही आधी स्वतःसाठी घेता, असं कुणीही म्हणेल."

"माझं खातं तपासा."

"तपासलं. सासरच्यांची कोण तपासणार?"

"सासर असतं तर पत्ता दिला असता, सर."

तो हसला नाही. टेबलावर त्याचा मोबाइल थरथरला. न बघताच त्याने तो पालथा घातला. कामाच्या वेळात घरचं काही नको, हा नियम त्याने स्वतःला लावला होता.

"ग्राहक काय बोलतो एवढं?"

"ते सांगू नको म्हटलंय मला." बाई उठल्या. दाराशी थांबल्या. "रेकॉर्डिंग ऐका, सर. एकदाच."

"आवाज ऐकला की माणूस विरघळतो. मी घड्याळ बघतो."

त्या गेल्या. खोलीत पंख्याची घरघर तेवढी उरली. चहाबरोबर एकच बिस्किट होतं. ते त्याने मोडलं, दोन्ही तुकडे शेजारी धरले, मोठ्याचा कोपरा कुरतडून सारखे केले आणि मग खाल्ले. समोरची खुर्ची बाईंच्या उठण्याने तिरकी झाली होती. तीही सरळ केली.

मग डीलरबाईंना कामावरून काढण्याच्या कागदावर सही केली. कागदासोबत कालचं रेकॉर्डिंग जोडायचं होतं. दुसरंच जोडलं जाऊ नये, म्हणून त्याने हेडफोन कानाला लावला.

एक घंटी. दुसरी. "नमस्कार, बोला," डीलरबाईंचा आवाज.

"मीच गं. एक शेअर घे, पण सावकाश घे, घाई नाही. जेवणाचा डबा आणलास ना? इथे तिसऱ्या घंटीच्या आत उचलतात, म्हणून लावते बाई. दुसरीकडे नुसतं वाजत राहतं. तुमच्या वरच्याच मजल्यावर बसतो तो. त्याला काही सांगू नकोस, त्याच्या नियमात बसायचं नाही. एवढंच सांग मला, अजून लहानपणासारखं बिस्किट मोडून दोन्ही तुकडे जुळवून बघतो का गं?"