ऑड्रीचं नाक

ऑड्रीनं चौथ्यांदा स्वीट पीच्या वेलात नाक खुपसलं. काही नाही. गुलाबी, जांभळी, पांढरी फुलं बांबूच्या काठ्यांवर मजेत डुलत होती आणि वासाच्या नावानं नुसता शंख.

"काय घमघमाट सुटलाय!" मागून क्लिफर्ड, तिचा नवरा, म्हणाला. एका हातात कात्री, दुसऱ्यात ताज्या फुलांचा गुच्छ. "कालच्यापेक्षा जास्तच. तुला?"

"नाही."

"येईल गं. घाई कसली?"

घाई होतीच. शनिवारी गावचं फुलांचं प्रदर्शन होतं. गेली बावीस वर्षं तिथल्या सुवासाच्या स्पर्धेची परीक्षक ऑड्रीच. डोळ्यांवर पट्टी बांधून तिला एकेका फुलदाणीपाशी नेत, आणि ती वास घेऊन पहिला नंबर सांगे. तिच्या निकालावर कुणाची चूं करायची टाप नव्हती. मग जानेवारीत नवराबायको दोघांना ताप आला. क्लिफर्ड आठवड्यात उठून चहा करायला लागला. ऑड्रीही उठली, पण तिचं नाक गेलं ते गेलंच. ती जेवणाच्या ताटावर बसून रडायची. हे गुपित तिनं क्लिफर्डशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. गावाला कळलं असतं तर ती मेल्याहून मेली असती.

आयुष्यात कधी कुदळ न धरलेल्या क्लिफर्डनं मग शेजारच्या प्रॉसरकडून रोपं आणली. शेंडे खुडले, सुतळीनं वेल बांधले. शेंगा धरल्या की बहर संपतो म्हणून दिवसाआड फुलं कापली. "यांच्या वासानं तुझं नाक जागं होईल बघ," तो रोज म्हणायचा.

नाक जागं झालं, पण भलतंच. मंगळवारी तिला दुधाला आंबूस वास आला. क्लिफर्डनं दुधाचा जग नाकाशी धरला, "एकदम ताजं!" म्हणाला आणि चहात ओतून प्यायला. दुपारभर त्याच्या संडासाच्या वाऱ्या चालल्या होत्या. सकाळी खाल्लेल्या आंबट गूजबेऱ्या बाधल्या, म्हणे. बुधवारी तिला मासळी उतरल्यासारखी वाटली. क्लिफर्डनं तीही खाल्ली, ओठ चाटत. डॉक्टर म्हणालेच होते, नाक परत येताना काही दिवस फसवतं. जिथं वास नाही तिथं तिला येत होता, आणि जिथं घमघमाट तिथं ठणठणाट. ऑड्रीचं डोकं चक्रावून गेलं. असल्या नाकानं निकाल द्यायचा म्हणजे लोकांच्या वर्षभराच्या मेहनतीवर पाणी ओतायचं. तिनं राजीनामा लिहून काढला.

अकरा वाजता प्रॉसर कुंपणाशी आला. प्रदर्शनाचा चिटणीसही तोच. त्यानं चिठ्ठी वाचली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"वास येत नाही? कशाचा?"

"ह्यांचा." तिनं वेलाकडे बोट केलं. "क्लिफला येतो. मला नाही."

प्रॉसर हसत सुटला. "अगं, ह्यांना वास नसतोच मुळी! मी ही जात नुसत्या रूपावर लावतो. दांडी बघ, वीतभर. पण नाक उपाशी. पट्टी बांधून बांधून फुलं बघायचीच विसरलीस की काय, परीक्षकबाई?"

"अगदी थोडासुद्धा नसतो?"

"माझ्या कुत्र्यालासुद्धा यायचा नाही." त्यानं खिशाला लावलेलं आपल्या बागेतलं लहानसं जांभळं फूल तिच्यापुढे धरलं. "हे घे."

संत्र्याची साल. मध. ऑड्रीचे डोळे आपोआप मिटले. किती महिन्यांनी! तिनं त्याच्या हातातून चिठ्ठी ओढून फाडली, आणि फाडता फाडताच तिला ते दूध आठवलं. मग मासळी. हसू तिच्या ओठांवर तसंच राहिलं.

ती स्वयंपाकघरात आली तेव्हा क्लिफर्ड टेबलावरच्या फुलदाणीत तोंड घालून उभा होता.

"अहाहा!" तो म्हणाला.

"क्लिफ, मंगळवारचं दूध नासलेलं होतं. आणि ह्या फुलांना वास नसतो. प्रॉसरनं सांगितलं."

तो एक दांडी उगाच सरळ करत राहिला.

"कधीपासून?"

"तुझं गेलं तेव्हापासून."

"आणि मला बोलला नाहीस?"

"तू रडत होतीस," क्लिफर्ड म्हणाला. "म्हटलं, घरात एकाचं तरी नाक चालू असावं."