मागचे काढतील

मैदानात दगड रचून केलेल्या वाटेवरच्या छोट्या शर्यतीत रुचिरच्या जीपला कोणी गाठत नसे. तिथे कोणाची गाडी अडकली की क्रेन येई, बाकीचे पुढे पळत. लोहगडवाडी ते बेडसे ही त्याची पहिलीच डोंगरवाटेची शर्यत. वाटेत ओढ्यातल्या खडकांवर, शर्यतीतच पुढे असलेल्या गंगाधरकाकांची जीप कलंडली होती. शेजारी बसलेली बहीण म्हणाली, “थांब, दोर लावू. इथं क्रेन कुठून येणार?” “मागचे काढतील,” म्हणत रुचिरने गाडी दामटली. बेडशाला तो पहिला पोहोचला आणि वाट बघत बसला. बऱ्याच वेळाने सगळ्या गाड्या एकदमच आल्या, काकांची जीप दोराने ओढत. काका लंगडत रुचिरजवळ आले. “दोर घरीच राहिला का रे? सकाळी सांगायचंस ना, माझ्याकडे जास्तीचा होता.” रुचिर खाली बघत ‘हो’ म्हणाला. बहिणीने प्लास्टिकच्या पिशवीतला नवाकोरा दोर पायानेच हळूच सीटखाली सारला.