दिवस कसा गेला?

"मास्तर, ही जादू वाचायला छान, करायला बेकार," हातातलं नाणं टेबलावर आपटत जादूगार म्हणाला.

"अडतंय कुठे?" त्याच्या म्हाताऱ्या गुरूंनी चहा ढवळत विचारलं.

"समोरच्याला काहीतरी विचारायचं, तो उत्तर द्यायला वर बघतो, तेवढ्यात नाणं दुसऱ्या हातात सरकवायचं. पण वर बघतंय कोण? रोज जेवताना बायकोवर करून बघतो आणि रोज पकडला जातो."

मास्तरांनी नाणं उचलून उजव्या मुठीत धरलं. "लेकीचा ताप उतरला का रे तुझ्या?"

"हो, सकाळीच उतरला," तो म्हणाला, तोवर मूठ रिकामी झाली होती. नाणं मास्तरांच्या डाव्या हातातून निघालं. तो ओशाळून हसला.

"बायकोला काय विचारतोस तू?"

"पुस्तकात दिलंय तेच. 'आज दिवस कसा गेला?'"

"मग?"

"'बरा' म्हणते. नजर मात्र माझ्या हातांवरच."

मास्तरांनी नाणं आपल्या खिशात टाकलं.

"जादूत काही खोट नाही. आता थोडे दिवस नाण्याशिवाय विचारून बघ."