मध्यंतरानंतर

"मागे वळूनसुद्धा बघत नाही ती, वहिनी. माझ्या तर अंगावर काटा आला," नणंद म्हणाली.

मटार सोलणारे वहिनीचे हात थांबले. "म्हणजे? परत येते ना ती? मुलीला ताप येतो, मग ही पुढच्या बंदरावर उतरून..."

"कुठला ताप? कुणाला?" नणंद थिएटरमधून थेट इकडेच आली होती आणि खुर्चीवर मांडी ठोकून बसली होती. "जहाजावरची नर्सची नोकरी ती घेते म्हणजे घेते. जहाज सुटतं. आणि इकडे ती चिमुरडी बापाला वेणी घालायला शिकवते. त्याला काही केल्या जमत नाही, सगळं थिएटर हसतंय. तिथेच सिनेमा संपतो. तुम्ही गेल्या रविवारी पाहिलात ना?"

तिने अर्धा पाहिला होता. मुलगा झाल्यापासून ती सगळेच सिनेमे अर्धे पाहायची. मध्यंतर झालं की त्याची झोपेची वेळ व्हायची, तो भोकाड पसरायचा आणि ती त्याला घेऊन बाहेर यायची. मग त्याला खांद्यावर थोपटत जिन्याजवळच्या पोस्टरांपुढे येरझाऱ्या. उरलेली गोष्ट नवरा घरी येताना सांगायचा. छान सांगायचा, आवाज बदलून, हातवारे करून. गेल्या रविवारी त्याने त्या तापाने फणफणलेल्या मुलीचं असं काही वर्णन केलं, की भर चौकात तिचे डोळे भरून आले.

ती शर्टांच्या कारखान्यात कापड कापायची. कारखान्याचे मास्तर तिला चार महिने दुसऱ्या शहरात पाठवणार होते, नवे नमुने काढायला शिकण्यासाठी. परत आल्यावर कटिंगचं सगळं काम तिच्या हाताखाली. उद्या सकाळी उत्तर द्यायचं होतं. त्या रविवारपासून ती मनाशी नाही म्हणून बसली होती. झोपलेल्या लेकाच्या कपाळाला उगाचच हात लावून पाहायची.

नवरा लेकाला खांद्यावर घेऊन आत आला. "काय खलबतं चाललीयत?"

"दादा, तू सिनेमा बघायला गेला होतास की झोपायला?" नणंद म्हणाली. मग तिने वहिनीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पर्स उचलली. "मी निघते बाई. माझं इथे काही काम नाही."

दार लागलं.

"मुलीला ताप आलाच नाही," ती म्हणाली.

त्याला आधी कळलं नाही. मग कळलं. त्याने लेकाला खाली उतरवलं.

"अगं, सिनेमाच तर आहे. मी जरा..."

"जरा काय?"

"गोड केला."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आवाज चढला नाही. लेक तिच्या पायाशी बसून मटारची सालं एकेक करून डब्यात टाकत होता.

"आधीच्या सिनेमातली ती चित्रकार. घर सोडून जाते आणि शेवटी आंधळी होऊन दारात येते, ती. आंधळी झाली होती का ती?"

त्याने ताटलीतला एक दाणा उचलला आणि परत ठेवला.

"झाली होती?"

"नाही."

"आणि ती टॅक्सीवाली? तिच्यापायी मला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. मेली होती?"

"नाही मेली." तो जमिनीकडे बघत म्हणाला. "तिने दुसरी गाडी घेतली."

"तीन वर्षं तू माझ्या बायका मारतोयस. मारतोयस, आंधळ्या करतोयस, फरफटत घरी आणतोयस. आणि मी रस्त्याने रडत येतेय."

"तुला वाईट वाटू नये म्हणून..."

"त्या मेल्यावर मला बरं वाटत होतं का?"

त्याने पाण्याचा ग्लास भरला आणि तसाच ओट्यावर ठेवला. "तू जाशील, अशी भीती वाटली," तो हळूच म्हणाला.

"हे रविवारी म्हणाला असतास तर बसून ऐकलं असतं. कदाचित राहिलेही असते." तिने मोबाइल उचलला. "तू नर्सच्या पोरीला ताप आणलास."

पलीकडे मास्तर होते. "माझं नाव घाला, मास्तर," ती म्हणाली. "हो. नाही, उद्यापर्यंत कशाला थांबायचं? विचार झाला माझा."

मोबाइल ठेवून ती पुन्हा सोलायला बसली. शेंगा काडकन फुटत होत्या, दाणे ताटलीबाहेर उडत होते. लेकाला ती गंमत वाटली. तो तुरुतुरु जाऊन दाणे वेचून आणू लागला.

नवरा थोडा वेळ दारात घुटमळला. मग गॅलरीत जाऊन त्याने आईला फोन लावला. चार महिने पोराला सांभाळायला तिला बोलवावंच लागणार होतं. आधी त्याचा आवाज पडलेला होता. हळूहळू त्यात रंग भरू लागला.

"अगं आई, ती कसली जातेय. नाहीच म्हणत होती. मीच म्हटलं, जा तू, पोराचं मी बघतो. तरी तिचं आपलं रडणं चालूच. अर्धा तास समजावलं, तेव्हा कुठे..."

ती उठली. हात पुसले, गॅलरीत गेली आणि त्याच्या कानाजवळचा फोन काढून घेतला. त्याचा वर उचललेला हात तसाच राहिला.

"आई, मी बोलतेय," ती म्हणाली. "बसला आहात ना? पहिल्यापासून सांगते."