दुसरं टोक

"वर घे. अजून वर!" मालक ओरडला.

फ्यूजने लाल दिवा वितभर वर सरकवला. "अहो मालक, तुमच्या डोळ्यांसमोरच बसवला होता की. याहून वर घेतला तर बघताना मान मोडेल तुमची."

"घे म्हणतो ना!"

मालकाला हळू बोलणं म्हणून जमतच नसे. समोरचा माणूस हातभर अंतरावर असला तरी त्याचा आवाज पार धक्क्यावर ऐकू जायचा.

फ्यूज म्हणजे वायरमन. बंदरातल्या निम्म्या बोटींची यंत्रं त्याने जोडलेली. शिकाऊ असताना एकदा त्याने अख्ख्या मासळीबाजाराचे दिवे घालवले होते, तेव्हापासून त्याचं खरं नाव त्याच्या बायकोच्यासुद्धा तोंडी राहिलं नव्हतं.

आजचं काम तसं साधं. माशांचे थवे दाखवणारा पडदा, जीपीएस, जवळ येणाऱ्या जहाजांची खबर देणारं यंत्र, सगळी एकाच केबलवर आणायची. जोडणी मालकाच्या पोराने केली होती, पण एक यंत्र दुसऱ्याशी बोलेल तर शपथ. फ्यूजने केबल हातात धरली आणि तिच्यामागे रांगत निघाला. सुकाणूच्या खोलीतून, बाकाखालून, डिझेलच्या टाकीमागून. कोपर खरचटलं, तोंडाला ग्रीस लागलं, पण शेवटी टोक सापडलं. तिथे टर्मिनेटर म्हणून बोटभर टोपी लागते, ती पोरगा बसवायलाच विसरला होता. केबलच्या दोन टोकांपैकी एकाला जरी ती नसली तरी सगळी यंत्रं मुकी.

वायर हातात आली की दुसरं टोक बघितल्याशिवाय सोडायची नाही, ही फ्यूजची खोड. लग्नात माणसं जेवायला बसायची आणि हा लाइटच्या माळेमागे मांडवाबाहेर. "मला पहिल्यांदा भेटलात तेव्हासुद्धा पंख्याच्या वायरीकडेच बघत होतात," असं बायको अजून ऐकवायची.

टोपी बसली आणि पडदे जागे झाले. फ्यूजने खुशीत धोक्याचा भोंगा वाजवून बघितला. धक्क्यावरची दोन माणसं दचकून वळली. पोरगा बाहेर फळ्यांवर पाठ करून बसला होता, फाटलेलं जाळं शिवत. कानात इअरफोन. त्याने मान वर केली नाही. मालकही भोंग्याकडे न बघता पोराकडेच बघत राहिला.

"काय, आहे की नाही खणखणीत?"

फ्यूजने पुन्हा विचारलं तेव्हा कुठे तो भानावर आला.

"भोंगा राहू दे. मला दिवाच हवा. जहाज जवळ आलं, पाणी उथळ झालं, रेडिओवर धोक्याचा इशारा आला, काहीही झालं तरी हा दिवा लागला पाहिजे. दिवा दिसला नाही तर बोट जाईल आणि माणूसही जाईल."

फ्यूज काय समजायचं ते समजला. त्याने पक्कड खाली ठेवली, जवळ सरकला आणि ओठ नीट हलवत मोठ्याने विचारलं, "कधीपासून?"

मालक समुद्राकडे बघायला लागला. "झाली दोनेक वर्षं. हळूहळू जातंय."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"उरलंय तेही जाईल म्हणतात." पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला. "कुणाला बोलू नकोस बाबा. बंदरात कळलं तर एक खलाशी या बोटीवर चढायचा नाही. आणि समुद्र सुटला तर आमच्याकडे दुसरं आहे काय?"

इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखणारा माणूस हा! त्याच्यावर अशी वेळ यावी?

फ्यूजने चार्जिंगला लावलेला पोराचा मोबाइल काढून बाजूला ठेवला आणि त्याच लाइनवरून दुसरा दिवा ओढला, झोपायच्या बाकावर. हा कुणी सांगितलेला नव्हता. एवढ्यात पोरगा सुतळीचं रीळ न्यायला दारातून वाकून आत आला, फ्यूजकडे बघून हसला आणि परत बाहेर जाऊन बसला.

मालक बर्फ आणायला निघाला. जाताना त्याने फळीवर दोनदा दाणकन पाय आपटला. पोरगा वळल्यावर त्याच्या तोंडासमोर जाऊन ओरडला, "बर्फ आणतो! तू जेवून घे!" पोराने मान डोलावली.

बाप गेला तसा फ्यूज हात पुसत पोराच्या मागे जाऊन बसला. कुणाला सांगायचं नाही हे खरं, पण पोटचा पोर काय 'कुणी' असतो? आणि उद्या हीच माणसं समुद्रात एकमेकांच्या भरवशावर असणार.

"हे बघ पोरा, मी बोललो असं बापाला सांगू नकोस. त्याला ऐकू येत नाही रे. लपवतोय बिचारा. हे दिवे त्याच्यासाठीच आहेत. त्याला सुकाणूच्या चाकावर एकटा सोडू नकोस. जरा त्याचे कान हो."

पोरगा टाके घालत राहिला.

"अरे, तुझ्याशी बोलतोय मी! तो दिवसभर घसा फोडतो तुझ्यासाठी, आणि तुला गाणी सुचतात?"

सुई आपली वरखाली होतच होती.

फ्यूजचं डोकं सटकलं. तो उठला आणि पोराच्या मानेमागे सैल लोंबणारी इअरफोनची वायर त्याने धरली, हिसडा मारून कानातून काढायलाच. पण वायर हातात आली आणि बोटं सवयीने उलट्या बाजूला सरकत गेली. पाठीवरून खाली, सदऱ्याच्या कडेवरून, कमरेपर्यंत. तिचं दुसरं टोक पट्ट्यात नुसतंच खोचलेलं होतं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं.