शेवटी त्रेसष्ट
राज्य लॉटरी निघाली तेव्हापासून मनकर्णा शेवटी त्रेसष्ट असलेलंच तिकीट घ्यायची. तिचे यजमान, गणिताचे मास्तर, दरवेळी समजावायचे, "आकडा तोच धरला काय न् बदलला काय, चान्स सारखाच असते." उद्या तिचं ऑपरेशन होतं. दवाखान्यातल्या खाटेवरून तिनं तिकीट आणायला सांगितलं, तेव्हा मास्तर हसतच निघाले. जवळच्या दुकानात त्रेसष्ट नव्हतं. "दुसरं घ्या नं मास्तर," दुकानदार म्हणाला. मास्तरांनी एक काढलं, उलटसुलट पाहिलं आणि गुपचूप परत दोरीला अडकवलं. मग भर उन्हात त्यांनी अख्ख्या गांधीबाग बाजारातली लॉटरीची दुकानं पालथी घातली. दिवेलागणीला त्यांनी घामेजलेलं तिकीट तिच्या हातात ठेवलं. शेवटी त्रेसष्ट. तिनं त्यांच्या धूळभरल्या चपलांकडे पाहिलं. "दुसरं काहून नाही आनलं? चान्स तर सारखाच असते नं?" तिकीट उशीखाली सारत मास्तर हळूच म्हणाले, "आज नाही वं."